दवाखान्यात रुग्ण पडू नये म्हणून: या चुका टाळा

मराठवाड्यात रुग्ण दवाखान्यात सहसा एकटा नसतो. अंबाजोगाईचं रुग्णालय घ्या की संभाजीनगरची घाटी, खाटेखाली चटई टाकून घरचं कुणीतरी असतंच. तरीही माणूस पडतो, आणि बऱ्याचदा रात्री लघवीला उठताना. "लेकरू दिवसभर पळून दमलंय, कशाला उठवायचं? हळूच जाऊन येतो की!" म्हाताऱ्यांचं हे ठरलेलं. म्हणून "काही लागलं तर हाक मारा" एवढं सांगून झोपू नका. ते हाक मारणार नाहीत. झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा आपणच उठवून न्या, नाहीतर युरिनल हाताशी ठेवा. लघवीची गोळी चालू असेल तर ती किती वाजता द्यायची, हे डॉक्टरांना विचारून घ्या. रात्री दिली की फेऱ्या ठरलेल्या.

दंडाला धरून झटक्यात उभं करू नका. बरेच दिवस पडून असलेल्या किंवा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा वरचा बीपी उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत 20 किंवा त्याहून जास्त उतरू शकतो. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि गुडघे वाकतात. आधी कुशीवर वळवा, मग पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवा, पावलं हलवायला लावा. चक्कर नाही म्हणाले की मगच उठवा.

खाटेच्या कठड्यावर लोकांचा फार भरवसा. पण भ्रम झालेला रुग्ण कठडा ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरून आदळतो. त्याची खाट होईल तितकी खाली घ्या आणि जवळ कुणीतरी जागं राहा. "सिस्टर, हातच बांधून टाका" हा आग्रह तर नकोच. बांधलेला माणूस जास्तच बिथरतो.

भरती करताना "आधी कधी पडले होते का?" असं विचारलं की नातेवाईक पटकन "नाही, नाही" म्हणतात. मोरीत घसरलेलं कुणी सांगत नाही. पडण्याचा धोका मोजायच्या मोर्स स्केलमध्ये गेल्या तीन महिन्यांत पडल्याचे 25 आणि सलाईन चालू असल्याचे 20 गुण धरतात. या दोन गोष्टींचेच 45 झाले, आणि बऱ्याच ठिकाणी 45 पासून धोका जास्त मानतात. सलाईनचा स्टँड काठीसारखा धरूनही चालू देऊ नका. चाकांवरचा स्टँड ऐनवेळी सरकतो.

बाकी नेहमीचंच: झिजलेली स्लीपर, पायात येणारा धोतराचा सोगा, नुकतीच पुसलेली फरशी. वृद्धाश्रमात बिलाच्या काळजीने संडासाच्या वाटेवरचा दिवा मालवतात, ती काटकसर महागात पडते.

आणि पडलाच, तर काखेत हात घालून लगेच उचलू नका. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळलेलं असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. तसंच राहू द्या, सिस्टरला बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याच्या डोक्याला मार लागला, तर तो "काही नाही झालं" म्हणाला तरी डॉक्टरांना लगेच सांगा. डोक्यातला रक्तस्राव कधीकधी काही तासांनी कळतो: उलटी होते, गुंगी येते, बोलणं अडखळतं.