अमेरिकेत होलसेलिंग सुरू करताय? फोन फिरवायच्या आधी आकडा शिका

होलसेलिंग म्हणजे मालकाशी घर घ्यायचा करार करून तो करार दुसऱ्या बायरला विकणं. त्याबद्दल जे व्हिडिओ फिरतात त्यात एकच सूर असतो, पैसे नकोत, लायसन नको, क्रेडिट स्कोअर नको, मालकांना फोन करा आणि चेक घ्या. पैशांचं म्हणणं अर्धवट खरं आहे. लायसनचं दिवसेंदिवस कमी खरं होत चाललंय. आणि जे कुणी धड सांगत नाही ते म्हणजे या धंद्यात तुमच्याकडे विकायला घर नसतंच, तुम्ही विकता तो तुमचा आकडा. तो बरोबर निघाला तर बायर पुढच्या वेळी स्वतः फोन करतो, फुगवलेला निघाला तर परत उचलत नाही.

आधी हे चालतं कसं ते बघू. मालकाशी तुम्ही घर विकत घ्यायचा करार करता, समजा 1,13,000 डॉलरला. मग तो करार, म्हणजे घर नाही हां, घर त्या भावाला घ्यायचा हक्क, एखाद्या कॅश बायरला (बँकेचं लोन न घेता रोख घेणाऱ्याला) असाइन करता, म्हणजे त्याच्या नावे करून देता, तो एकूण 1,23,000 देतो, मधले 10,000 तुमची असाइनमेंट फी. क्लोजिंग, म्हणजे शेवटचा व्यवहार, टायटल कंपनी करते, जी मालकीची कागदपत्रं तपासते (काही राज्यांत वकील), फी तिथूनच मिळते. जिथे करारात असाइनमेंटला मनाई असते, बँकेने जप्त केलेल्या घरांमध्ये तसं बऱ्याचदा असतं, तिथे डबल क्लोजिंग करावं लागतं, म्हणजे आधी खरंच विकत घ्यायचं आणि लगेच विकायचं, मग एका दिवसापुरता का होईना पैसा उभा करावा लागतो आणि क्लोजिंगचा खर्चही दोनदा.

आता आकडा. एआरव्ही म्हणजे दुरुस्तीनंतर घर कितीला जाईल ती किंमत. लोक झिलो या घरांच्या वेबसाइटवरचा अंदाज उचलतात आणि तोच एआरव्ही म्हणून बायरला पाठवतात, असं करू नका. गेल्या सहा महिन्यांत त्याच भागात खरोखर विकली गेलेली तीन-चार घरं शोधा, साधारण तेवढ्याच स्क्वेअर फुटांची, तेवढ्याच बेडरूमची, आणि नूतनीकरण झालेली. विक्रीला लावलेल्या घराची किंमत म्हणजे मालकाची इच्छा, ती धरायची नाही. मधे मोठा रस्ता किंवा रेल्वे लाइन असेल तर पलीकडचं घर कॉम्प (तुलनेसाठी धरायचं घर) म्हणून चालत नाही, नकाशावर दोन गल्ल्या दिसल्या तरी. शाळेची हद्द बदलली तरी भाव बदलतो. टेक्साससारख्या राज्यात विक्रीची किंमत सरकारी रेकॉर्डवर जाहीर होत नाही, तिथे एमएलएस, म्हणजे एजंटांची घरविक्रीची यादी, बघू शकणारा एजंट गाठावाच लागतो.

समजा एआरव्ही 2,40,000 आला. त्याचे 70 टक्के 1,68,000. दुरुस्ती 45,000, उरले 1,23,000, हा बायरचा कमाल भाव. त्यातून तुमची फी काढा, मालकाला द्यायचा भाव 1,13,000. यालाच 70 टक्क्यांचा नियम म्हणतात. नवीन माणसाला वाटतं की उरलेले 30 टक्के म्हणजे बायरचा निव्वळ नफा, आणि मग तो त्यातलं थोडं आपल्याकडे ओढायला बघतो. तसं नाहीये. 1,30,000 चं हार्ड मनी लोन (खाजगी सावकाराचं महागडं, थोड्या मुदतीचं लोन) 12 टक्क्यांनी सहा महिने ठेवलं की 7,800 व्याजच झालं, वर लोनचे पॉइंट्स (लोन देताना टक्क्यांत घेतली जाणारी फी), इन्शुरन्स, प्रॉपर्टी टॅक्स, विकताना एजंटचं कमिशन, आणि भिंत उघडल्यावर जे निघतं ते वेगळंच. महागड्या शहरात बायर 75-80 टक्क्यांलाही घेतात, पडत्या मार्केटमध्ये 65 ला पण नाही घेत, म्हणून हा नियम फक्त सुरुवातीला धरायचा, पुढे तुमच्या बायरला विचारायचं.

दुरुस्तीचा अंदाज घरात उभं राहूनच येतो, फोटोवरून येत नाही. किचन, कार्पेट, रंग याला घाबरायचं कारण नाही, ते सगळ्यांनाच दिसतं. खरा पैसा जातो तो छप्पर, फाउंडेशन, वायरिंग, प्लंबिंग आणि हीटिंग-कूलिंगमध्ये. बाहेरून विटांच्या भिंतीला जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांची भेग गेलीय का बघा, दारं चौकटीत अडकतायत का बघा, फरशीवर गोटी ठेवून सोडा, ती एकाच कोपऱ्याकडे पळत असेल तर इंजिनीअरला बोलवायची वेळ आलीय. वॉटर हीटर आणि एसीच्या बाहेरच्या कंडेन्सरच्या लेबलवर बनवल्याची तारीख असते किंवा सिरियल नंबरवरून काढता येते, फोटो काढून ठेवा. छतावरचा पिवळा डाग हाताला कोरडा लागतो की ओला? क्रॉल स्पेसचं (घराखालच्या बुटक्या पोकळीचं) झाकण उघडून नुसता वास घेतला तरी बरंच कळतं. घर 1978 च्या आधीचं असेल तर लेड पेंटचं (शिसं असलेल्या रंगाचं) डिस्क्लोजर, म्हणजे लेखी माहिती द्यावी लागते, तेही विसरू नका.

माझं मत विचाराल तर मालक शोधायच्या आधी बायर शोधा. सगळे उलटं करतात. त्या काउंटीत मागच्या काही महिन्यांत लोन न घेता कुणी घरं घेतली ते डीडच्या (खरेदीखताच्या) रेकॉर्डवरून काढता येतं, त्यांना सरळ विचारा की कुठला झिप कोड, किती जुनं घर, किती दुरुस्तीपर्यंत झेपतं. एक बायर म्हणेल फाउंडेशनचं काम असेल तर मला दाखवूच नका, दुसरा नेमका तीच घरं घेतो. हे माहीत असलं की मालकाशी बोलताना हवेत बोलावं लागत नाही.

मालकांच्या याद्या काउंटीकडूनच निघतात, टॅक्स थकलेले, वारसाहक्काच्या प्रोबेटमध्ये अडकलेले, दुसऱ्या राज्यात राहणारे. पत्रं पाठवा, दार वाजवा. पण ऑटो-डायलरने धडाधड कॉल आणि टेक्स्ट मारायच्या आधी 1991 चा टीसीपीए, म्हणजे विक्रीच्या कॉलवर बंधनं घालणारा कायदा वाचा, एकेका नियमबाह्य कॉलला 500 डॉलर, जाणूनबुजून केला तर 1,500 पर्यंत. डू नॉट कॉल यादीतले नंबर गाळूनच सुरुवात करा.

मालकाशी स्पष्ट बोला, की मी हा करार दुसऱ्या गुंतवणूकदाराला देणार आहे आणि त्यात माझा नफा आहे. करारातही तसं लिहा. इन्स्पेक्शन पिरियड, म्हणजे घर तपासून करारातून बाहेर पडायची मुदत, ठेवावा, पण बायर मिळाला नाही की शेवटच्या दिवशी त्याच कलमाखाली पळ काढायचा ही जी पद्धत पडलीय ती मला अजिबात पटत नाही, समोरच्याचं घर फोरक्लोजरला (हप्ते थकल्याने बँकेच्या जप्तीला) लागलेलं असतं आणि त्याचे हातातले तीन आठवडे तुम्ही खाल्लेले असतात.

कायदा राज्यागणिक वेगळा. इलिनॉयमध्ये 2019 पासून 12 महिन्यांत एकापेक्षा जास्त असे व्यवहार केले तर ब्रोकरचं लायसन लागतं. ओक्लाहोमाने 2021 मध्ये कायदा केला, घर तुमच्या नावावर नसताना त्याची जाहिरात करायची तर लायसन हवं. पेनसिल्व्हेनियाने 2024 मध्ये कायदा केला, त्यात लायसन तर आहेच, वर मालकाला करार रद्द करायला 30 दिवस मिळतात. त्यामुळे तासभर वकिलाला पैसे द्या, आणि असाइनमेंट नेहमी करणारी टायटल कंपनी आधीच शोधून ठेवा. करार झाला की त्याच दिवशी टायटल सर्च (मालकीची तपासणी) लावा, दुसरं मॉर्गेज, आयआरएसचा लिअन (थकलेल्या टॅक्सपोटी घरावरचा बोजा), सही न केलेला एखादा वारस भाऊ, हे क्लोजिंगच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही.

एच-वन-बीवर असाल तर इथे थांबा. घर विकत घेऊन गुंतवणूक म्हणून ठेवणं वेगळं आणि रोज मालकांना फोन करून करार विकणं वेगळं, दुसरं म्हणजे काम करणं झालं, आणि ते विनापरवाना धरलं जाऊ शकतं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पहिली सही करू नका.

फी आली की ती सगळी आपली नसते. ती कमाई म्हणूनच धरतात, वर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स 15.3 टक्के, आणि तो वर्षअखेरपर्यंत थांबत नाही, एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी असा भरायचा. तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. भाड्याच्या घराचं गणित यापेक्षा बरं असतं, इमारतीच्या किंमतीवर (जमीन सोडून) 27.5 वर्षं डेप्रिसिएशन मिळतं, म्हणून बरेच जण होलसेलिंगच्या फीतून डाउन पेमेंट जमवतात. फक्त भाड्यातून मॉर्गेज वजा केलं की उरलेलं आपलं असं धरू नका, रिकामे महिने, दुरुस्ती, छपरासाठी बाजूला टाकायचे पैसे आणि मॅनेजर ठेवलात तर त्याचे 8-10 टक्के, हे सगळं आधी काढा आणि मग बघा महिन्याला काही उरतंय का, नसेल उरत तर त्या घराचा करार दुसऱ्या बायरला असाइन करून टाका.