चिंचिलाला घेऊन कारंज्याहून पुण्याला: लांबच्या प्रवासाची तयारी

चिंचिलाला घेऊन लांब निघायचं असेल तर आधी कॅलेंडर बघा, मग गाडी. उंदराच्या जातकुळीतला, सशासारखा दिसणारा हा पाळीव प्राणी मूळचा चिलीकडच्या अँडीज पर्वतातला. तिथल्या कोरड्या थंडीसाठी त्याच्या अंगावर इतकी दाट लव असते की एकेका मुळातून पन्नास-साठ केस निघतात. घाम त्याला येत नाही. पारा २५ अंशांच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि तिशीच्या आसपास तर जीवावरच बेततं. आपल्या विदर्भात मार्चअखेर चाळिशी गाठली जाते, मे महिन्यात ४५. म्हणून आमच्या घरात नियम आहे: होळी ते मृग, आमची चिंचिला भुरी गाडीत बसणार नाही. कोणाचं लग्न असो की आणखी काही.

भुरी आमच्या लेकीची. लेक पुण्याला नोकरीला, आम्ही वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात खेड्यावर. तिला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं की भुरी आमच्याकडे येते आणि नंतर आम्हीच तिला पोचवून देतो. अंतर पाचशे किलोमीटरच्या वर. पहिल्यांदा आणली तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "ससा हाय का घूस हाय वो बाई?" आता त्याच रोज संध्याकाळी "भुरी उठली का?" म्हणून डोकावतात.

सगळ्यात चांगले महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. पावसाळ्यात अगदीच अडलं तर नेता येतं, पण हवेतला दमटपणा तिला उकाड्याइतकाच सोसत नाही. आणि उन्हाळ्यात 'रात्री निघू, मग चालेल' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आपल्याकडे मध्यरात्रीही पारा बरेचदा तिशीच्या खाली येत नाही. वाटेत गाडीचा एसी बंद पडला तर काय करणार? समृद्धी महामार्गावर कितीतरी किलोमीटर झाडाची सावली सापडत नाही.

निघायच्या आठवडाभर आधी एसीचा गॅस मेकॅनिककडून तपासून घ्या. त्याच वेळी गाडी रिकामी करून धुवा. खेड्यातली गाडी म्हणजे डिक्कीत फवारणीच्या औषधाचे डबे, बियाण्याच्या थैल्या, कधी मिरचीचं पोतं. आपल्याला तो वास जाणवेनासा झालेला असतो. पण बंद गाडीत आठ-दहा तास एवढ्याशा जिवानं तेच हुंगत बसायचं का? डिक्की साबणाने धुऊन दोन दिवस उघडी ठेवा. गाडीत सुगंधी डबी लटकवलेली असेल तर तीही काढून टाका.

पेटी मांजरासाठी मिळते तशी टणक, जाळीच्या दाराची घ्या. कापडी पिशवीसारखी अजिबात नको, रात्रीतून कुरतडून बाहेर येईल. याचे दात जन्मभर वाढत असतात, कुरतडणं थांबत नाही. आता महत्त्वाचं सांगते, कारण आपण कापूस पिकवणारी माणसं. पेटीत मऊ म्हणून कापूस घालू नका. घरची सासुरवाडीची सगळी प्रेमळ मंडळी नेमकं हेच करतात. कापूस पोटात गेला तर आतडं अडतं, आणि तंतू पायाला गुंडाळला तर पाय सुजतो. तळाला धागे न सुटणारं फ्लीसचं (मऊ, लोकरीसारखं) कापड अंथरा. त्यावर एका कोपऱ्यात कोटा फरशीचा गुळगुळीत तुकडा ठेवा, पेटीत घसरणार नाही असा. निघायच्या आधी तो तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा. भुरी आत गेली की फरशीवर पोट टेकून पसरते.

पाण्याची बाटली बर्फ करून टॉवेलमध्ये गुंडाळा आणि पेटीच्या बाहेरून टेकवा. आत ठेवली तर ओल येते, आणि दाट लव एकदा भिजली की लवकर सुकत नाही, बुरशी धरते. याच कारणासाठी तिची पिण्याची बाटली चालत्या गाडीत पेटीला लावायची नाही. खड्ड्यागणिक थेंब गळून हनुवटीखालची लव ओली होते. दर दोन तासांनी गाडी थांबवा, एसी चालू ठेवा, बाटली जाळीला लावा आणि पाचेक मिनिटं शांत बसा. प्यायली तर ठीक, नाही प्यायली तर पुढच्या थांब्याला पुन्हा.

पेटी कुठे ठेवायची, याचा विचार कमी लोक करतात. कारंज्याहून संभाजीनगरकडे जाताना आपण पश्चिमेला जातो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो, म्हणजे दिवसभर ऊन डाव्या खिडकीतून येतं. तेव्हा पेटी मागच्या सीटवर उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे, बेल्टने घट्ट बांधून ठेवा. परत येताना उलट, डावीकडे. एसीचा झोत थेट तिच्या अंगावर नको. पेटीवर तीन बाजूंनी पातळ सुती कापड टाका, चौथी बाजू मोकळी. आणि एक साधा डिजिटल थर्मामीटर पेटीलाच बांधा. पुढे बसलेल्याला गार वाटतं म्हणून मागेही गार आहे असं धरून चालू नका. मागचा आकडा २० ते २२ च्या आसपास राहिला पाहिजे. निघताना गाडी पंधरा मिनिटं एसी लावून आधी गार करा, मगच पेटी आत.

चिंचिला दिवसा झोपतो, संध्याकाळनंतर जागा होतो. आम्ही पहाटे चारला निघतो. हिवाळ्यातला गारवा मिळतो, आणि उजाडल्यावर ती झोपते ती बराच वेळ उठत नाही. रात्री निघालं तर समृद्धीवर सरळ रस्त्याने ड्रायव्हरलाच डुलकी लागते. दोघं चालवणारे असतील तरच तो विचार करा. कारला १२० ची मुभा आहे, पण आम्ही नव्वदच्या वर जात नाही. पुलांच्या जोडावर बसणारा हिसका मागच्या पेटीला जास्त जाणवतो. खरी कसोटी शेवटी, पुण्याजवळच्या शिक्रापूर-वाघोलीच्या कोंडीत. गाडी उभी राहिली की एसीचा जोर कमी पडतो. गोठवलेली दुसरी बाटली त्यासाठीच राखून ठेवा. जेवायला थांबलात तर एक जण गाडीतच, इंजिन आणि एसी चालू. पाच मिनिटंसुद्धा बंद गाडीत सोडायचं नाही.

खायला वाटेत फक्त रोजचं टिमथी गवत (विकत मिळणारं वाळलेलं विलायती गवत). घरून पुरेसं न्या, वाटेत मिळणार नाही. धाब्यावर लोक कौतुकाने शेंगदाणे, गूळ, गाजर पुढे करतात. हात जोडून नाही म्हणा. हरभऱ्याचं कुटारही नको. याला उलटी करता येत नाही, आणि पोटात वायू धरला की तो जीव घेतो. कोणाला हातात घेऊ देऊ नका. दचकला की लवेचा पुंजका सोडून देऊन हा निसटतो, आणि हायवेवर निसटला तर सापडायचा नाही.

कान लाल झाले, तोंड उघडून धापा टाकू लागली, लाळ गळाली किंवा आडवी पडून राहिली, तर तो उष्माघात समजा. एसी वाढवा, गार फरशीवर ठेवा, ओल्या कापडाने कान आणि तळपाय पुसा. बर्फाच्या पाण्यात घालू नका, एकदम थंडीने शरीर धक्का खातं. ताबडतोब डॉक्टर. मात्र आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-बैल, शेळ्या पाहणारे असतात. म्हणून निघायच्या आधीच वाटेवरच्या मोठ्या शहरांत ससे, गिनीपिग वगैरे बघणारा कोण आहे ते फोन करून विचारून ठेवा. आमच्यासारख्यांना नागपूर आणि अकोला इथल्या पशुवैद्यक संस्थांत विचारता येतं. खरेदीची पावती आणि डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला गाडीत असू द्या.

उलट दिशेने, पुण्याहून खेड्यावर आणणार असाल तर आधी घरी विचारा: लाईन किती तास जाते? एसी नसलेल्या घरी कुलर लावून भागेल असं समजू नका. कुलर हवा गार करतो तशी ओलीही करतो, आणि याला दोन्ही मिळून सोसत नाही. आमच्याकडे एक आतली खोली जनरेटरवर जोडलेली आहे, ती भुरीची.

पोचल्यावर लगेच कुशीत घेऊ नका. अंधाऱ्या, गार खोलीत पिंजरा लावा, गवत-पाणी ठेवा, दोन तास दार लोटून घ्या. संध्याकाळी उठली की चिंचिलासाठी विकत मिळणाऱ्या बारीक भुकटीत दहा मिनिटं लोळू द्या. अडाण नदीची रेती किंवा वावरातली माती चालत नाही, लव खराब होते. पाण्याने आंघोळ तर कधीच नाही. दुसऱ्या दिवशी लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्यासारख्या, कोरड्या, रोजच्याइतक्या असतील तर ठीक. बारीक झाल्या, किंवा ती गवताला तोंड लावेना आणि बारा तास लेंडीच दिसली नाही, तर घरगुती उपाय करत बसू नका. पोट थांबलेलं असतं. त्याच रात्री डॉक्टरांना फोन लावा.