बारा जणांचा हिशोब, दहा जणांची सहल

पुण्यातल्या एका टूर कंपनीत मी अकरा वर्षं मागच्या टेबलावर काम केलं. व्हिसाचे अर्ज, तिकिटं, हॉटेलांशी पत्रव्यवहार हेच काम होतं. 2024 च्या उन्हाळ्यात नोकरी सोडली आणि जानेवारी 2025 मध्ये माझी स्वतःची पहिली सहल नेली. कंबोडियातलं सिएम रीप, म्हणजे अंगकोरची देवळं, मुक्काम पाच रात्री. हे लिहितेय ते या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना सोसायटीतल्या किंवा नात्यातल्या आठ-दहा जणांना घेऊन एकदाच परदेशी जायचंय त्यांच्यासाठीही. आकडे सगळे त्या वेळचे आहेत. ते बदलतील, पण त्यांची मांडणी उपयोगी पडेल.

अंगकोर निवडण्याचं कारण सरळ होतं. माझ्याकडे नाव नोंदवलेले बहुतेक जण निवृत्त शिक्षक आणि बँकेतले, वय 55 ते 72. त्यांना समुद्रमंथन माहीत होतं, रामायण माहीत होतं, वेरूळ बघून झालेलं होतं. जिथली गोष्ट आपल्या लोकांना आधीच ठाऊक आहे तिथे लहान गट नेण्यात खरा आनंद असतो, कारण माणसं थांबून बघतात, प्रश्न विचारतात. चाळीस जणांच्या बसमध्ये ते जमत नाही, हे मी वर्षानुवर्षं लोकांच्या तक्रारींतून वाचत आले होते.

आता पैशांकडे येते, कारण माझी मोठी चूक तिथेच झाली.

लग्न ठरवताना आपण हॉलचं भाडं वेगळं धरतो आणि ताटाचा दर वेगळा. पाहुणे दोनशे आले काय किंवा दीडशे, हॉलचं भाडं तेवढंच राहतं. सहलीचंही तसंच आहे. काही खर्च माणशी असतात, काही सामाईक. कंपनीत असताना मला हा फरक माहीत होता, पण तिथे बस भरलेलीच असायची, त्यामुळे तो कधी टोचला नव्हता.

माझा माणशी खर्च असा होता: विमानाचं तिकीट 38,000 रुपये. हॉटेलात दोघांत एक खोली धरून पाच रात्रींचे माणशी 125 डॉलर, अंगकोरचा तीन दिवसांचा पास 62 डॉलर, व्हिसा 30, दोन्ही वेळच्या जेवणांचे 80, तोन्ले साप सरोवरातल्या बोटीचे 20. एकूण 317 डॉलर. तेव्हाच्या 84 रुपयांच्या दराने 26,628 रुपये. प्रवास विम्याचे हजार धरून हा आकडा साडेपासष्ट हजारांच्या थोडा वर जात होता.

सामाईक खर्चात मिनीबस पाच दिवस 550 डॉलर, परवानाधारक गाइड चार दिवस 200, बक्षिशी 100. आणि माझा स्वतःचा खर्च: 317 डॉलर, शिवाय एकटीच्या खोलीचे आणखी 125, आणि माझं तिकीट. नवखे लोक नेणाऱ्याचा खर्च विसरतात किंवा "मी माझं बघेन" म्हणतात. तसं करू नका. तुम्ही तिथे कामाला जाताय. बैठक, छपाई, सिमकार्डं मिळून साडेतीन हजार धरले तर हा सामाईक डोंगर बरोबर दीड लाखाचा झाला.

दीड लाखाला मी बारांनी भागलं, कारण बारा नावं आली होती. माणशी 12,500. त्यात आकस्मिक खर्चाचे चार हजार आणि माझ्या मेहनतीचे आठ हजार मिळवून माणशी 90,000 असा दर सांगून मोकळी झाले.

निघायला सहा आठवडे असताना एका जोडप्याने नाव काढून घेतलं. मुलीचं बाळंतपण लवकर येणार होतं, त्यांचा काहीच दोष नव्हता. तिकिटांवर अजून नावं घातली नव्हती, त्यामुळे नुकसान अनामत रकमेपुरतं झालं. ते वळतं करून बाकी सगळे पैसे मी परत दिले. रात्री वही घेऊन बसले तेव्हा कळलं की दहा जणांकडून सामाईक खर्चाचे मला सव्वा लाख मिळणार आणि खर्च दीड लाखच राहणार. मिनीबस दोन माणसं कमी झाली म्हणून स्वस्त होत नाही. पंचवीस हजारांची तूट एका फोनमध्ये आली होती. उरलेल्या दहा जणांना आता दर वाढवून सांगणं मला पटेना. दिलेला शब्द दिलेला.

तेव्हापासून मी सामाईक खर्चाला आलेल्या नावांनी भागत नाही. कमीत कमी किती माणसं असली तरी सहल निघणार, हा आकडा आधी ठरवते आणि त्याने भागते. माझा आकडा नऊ आहे. त्यालाही कारण आहे. विमान कंपन्या साधारण दहा किंवा जास्त प्रवाशांना गटाचा दर देतात, आणि नऊ अधिक मी असे दहा होतात. त्याखाली गेलं तर तिकिटं त्या दिवशीच्या भावाने घ्यावी लागतात आणि सगळंच कोसळतं. नऊने भागलं असतं तर माणशी 16,700 आले असते, म्हणजे दर साधारण 94,000 झाला असता. आता मी दोन दर लेखी देते: नऊ-दहा जण असतील तर एवढा, अकरा-बारा झाले तर एवढा कमी. लोकांना हे लगेच समजतं आणि ते स्वतःच आणखी दोन जण शोधून आणतात. अमुक तारखेनंतर नाव काढलं तर सामाईक वाटा परत मिळणार नाही, हेही पहिल्याच कागदावर असतं.

गळणारं माणूस जोडप्यातलं आहे की एकटं, याचाही विचार हवा. जोडपं गेलं तर एक खोली कमी होते. एकट्या आलेल्या दोन मैत्रिणींपैकी एक गळाली, तर मागे राहिलेलीला पूर्ण खोलीचे पैसे पडतात. आमच्या सहलीत ते जादाचे 125 डॉलर, म्हणजे साडेदहा हजार झाले असते. ते कोण भरणार हे नाव नोंदवतानाच बोलून घ्यावं. नंतर तो विषय फार कडू होतो.

दुसरा घाव डॉलरचा. दर सांगितला तेव्हा डॉलर 84 रुपयांच्या आसपास होता, जानेवारीच्या मध्यावर तो साडेशहाऐंशीला पोहोचला. मला अजून साडेतीन हजार डॉलर भरायचे होते. अडीच रुपयांप्रमाणे जवळपास नऊ हजार गेले. माणशी खर्चात हा फरक दिसत नाही, एकत्र केला की दिसतो. आता मी दर काढतानाच डॉलर दोन-तीन रुपये चढा धरते आणि पैसे जमतील तसे हॉटेल आणि बस यांची रक्कम भरून टाकते. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लागतो, त्यावर जीएसटी वेगळा. मोठ्या रकमांसाठी ते टाळावं.

कराबद्दल थोडक्यात, पण हे गंभीर आहे. मेहनताना घेऊन परदेशी सहल विकली की तुम्ही विक्रेते होता. त्या वेळी अशा पॅकेजवर ग्राहकाकडून सात लाखांपर्यंत 5 टक्के टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर, गोळा करून भरावा लागत होता. तो ग्राहकाला विवरणपत्र भरताना वळता करून मिळतो, म्हणून दरपत्रकात तो वेगळ्या ओळीत दाखवावा, नाहीतर लोकांना सहल महाग वाटते. जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादा उलाढालीवर आहे, नफ्यावर नाही. अशा दोन-तीन सहली झाल्या की तुम्ही तिथे पोहोचता. हे दर अर्थसंकल्पात बदलत राहतात, तेव्हा पहिलं नाव नोंदवण्याआधी सीएकडे जा. त्याची फी सामाईक खर्चात धरा.

आराखडा करताना दोन गोष्टी मला वेळेवर सापडल्या. मुंबईहून आम्ही बँकॉकमार्गे जाणार होतो. एक तिकीट माणशी चार हजारांनी स्वस्त दिसत होतं, पण ते उतरवणार होतं डॉन म्युआंगला आणि पुढचं विमान होतं सुवर्णभूमीवरून. बँकॉकला दोन विमानतळ आहेत आणि मध्ये सगळं शहर आहे. सत्तरीच्या माणसांना बॅगांसकट त्या रहदारीतून न्यायचं आणि विमान चुकलं तर तिकीट बुडालं, हे चार हजारांत बसत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे माझ्याकडचं जुनं दरपत्रक गावाला लागून असलेल्या जुन्या विमानतळाचं होतं. ऑक्टोबर 2023 पासून सिएम रीपला नवा विमानतळ सुरू झालाय आणि तो गावापासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर आहे. ने-आण करायचा दर आणि वेळ, दोन्ही वेगळे. गाडी घेताना आसनं मोजतो तशा बॅगाही मोजा. पंधरा आसनांच्या व्हॅनमध्ये अकरा माणसं बसतात, अकरा मोठ्या बॅगा बसत नाहीत.

अंगकोरचा पास ही या सहलीतली सगळ्यांत शहाणी खरेदी आहे, नीट वापरला तर. एका दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. तीन दिवसांचा पास सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतात. ज्येष्ठांच्या गटात हे सोनं आहे. संध्याकाळी पाचनंतर दुसऱ्या दिवसाचा पास काढला तर त्याच संध्याकाळी सूर्यास्तालाही आत सोडतात. आम्ही पोहोचलो त्याच संध्याकाळी पास काढले. खिडकीवर पास काढला तर प्रत्येकाचा फोटो तिथेच काढतात, म्हणून सगळ्यांना स्वतः जावं लागतं. दुसऱ्या दिवशी बायोन आणि ता प्रोम ही देवळं पाहिली, तिसऱ्या दिवशी देऊळ नाही, फक्त तोन्ले साप आणि दुपारी झोप. त्या मोकळ्या दिवसावर दोघांनी आधी नाराजी दाखवली होती. चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला सगळेच्या सगळे ताजे होऊन खाली उभे होते.

अंगकोर वाट, म्हणजे तिथलं मुख्य देऊळ, पाच वाजता उघडतं. सूर्योदयाला तळ्याकाठी प्रचंड गर्दी असते, पण उजाडलं की बहुतेक लोक न्याहारीला परततात. तेव्हा परतू नका. हॉटेलला आदल्या दिवशी सांगून न्याहारीचे डबे बरोबर घ्या आणि सरळ पूर्वेच्या ओवरीत जा. तिथे समुद्रमंथनाचा शिल्पपट आहे, जवळपास 49 मीटर लांब. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मध्ये विष्णू, आणि सकाळचा उजेड थेट त्यावर. गाइडने तिथे वीस मिनिटं धरली होती, आम्ही सव्वा तास थांबलो. एक निवृत्त संस्कृतच्या बाई गाइडला वासुकीची गोष्ट सांगत होत्या आणि तो वहीत टिपून घेत होता. लहान गटाचा कार्यक्रम आखताना अशी एक-दोन ठिकाणं ओळखून त्यांच्यापुढे वेळ मोकळा सोडायचा. गाइड अर्ध्या दिवसाच्या दराने ठरवला असता तर हे मिळालं नसतं. तो वाचवण्यासारखा खर्च नाही.

त्याच सकाळी वरच्या गाभाऱ्याच्या, म्हणजे बाकानच्या जिन्यावरून उतरताना एका काकांचा पाय मुरगळला. जिना फार उभा आहे, आणि खांदे-गुडघे झाकलेले नसतील तर वर सोडतच नाहीत, त्यामुळे वर जाणार कोण आणि खाली थांबणार कोण हे आदल्या रात्री ठरवून ठेवावं. मी ते ठरवलं नव्हतं. एक्स-रे, पट्टी आणि औषधं मिळून 180 डॉलर झाले. विमा होता, पण पैसे आधी आपण भरायचे आणि कागद पाठवून नंतर मागायचे. आकस्मिक खर्चाच्या चाळीस हजारांतले चौतीस हजार माझ्या भागाकाराने आणि डॉलरने आधीच खाल्ले होते. उरलेल्या सहा हजारांत हे बसलं नाही, वरचे साडेनऊ हजार माझ्या मेहनतान्यातून गेले. विम्याचे पैसे आले, पण बऱ्याच आठवड्यांनी. तेव्हा गटनेत्याजवळ निदान तीनशे-चारशे डॉलर रोख हवेतच, आणि नोटा कोऱ्या हव्यात. कंबोडियात डॉलर सर्रास चालतो, सुटे तिथल्या रिएलमध्ये मिळतात, साधारण चार हजार रिएल म्हणजे एक डॉलर. पण जराशी फाटलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही.

जेवणाचं सांगते, कारण शाकाहारी लोक यावर सहल जोखतात. तिथल्या स्वयंपाकात माशांचा सॉस मिठासारखा पडतो, भाजीतही. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, माशांचा सॉस नको असं स्वतंत्रपणे सांगावं लागतं. मी गाइडकडून ते ख्मेर भाषेत कार्डांवर लिहून घेतलं आणि शाकाहारींना एकेक दिलं. दुपारी स्थानिक जेवण, रात्री एक दिवसाआड भारतीय हॉटेल असं ठेवलं. मेतकूट, थालीपिठाची भाजणी वगैरे लोक आणतातच. त्यांना आणू द्या, पण त्याच्या भरवशावर जेवणाचं बजेट कापू नका.

पाचव्या दिवशी बान्तेय स्रेईला गेलो. 967 सालचं, गुलाबी वालुकाश्मातलं छोटं देऊळ. तिथल्या एका शिल्पात रावण कैलास हलवतोय. पाय बांधलेल्या काकांसाठी त्या दिवशी मिनीबसखेरीज एक टुकटुकही दिवसभर ठेवली होती, म्हणजे त्यांना थकवा आला तर परत जाता यावं. काका गेले नाहीत. ते त्या शिल्पासमोरच्या दगडावर बसून राहिले आणि जो येईल त्याला वेरूळच्या कैलासातला हाच प्रसंग कुठल्या बाजूला आहे ते सांगत राहिले. टुकटुकचे 25 डॉलर वहीत "सामाईक" या रकान्यात लिहिले. पुढच्या सहलीच्या अंदाजपत्रकात तो रकाना आधीपासून छापलेला आहे.