गावाच्या नावाचं डोमेन घेताय? या चुका टाळा

बाजारभाव, एसटीच्या वेळा, ग्रामसभेची सूचना, शाळेतल्या पोरांचं कौतुक हे सगळं गावाला एका ठिकाणी मिळावं म्हणून चार जण पुढे येतात आणि वेबसाइटसाठी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा नावाचा पत्ता, घ्यायचं ठरवतात. काम मोलाचं आहे. म्हणूनच ते पहिल्या वर्षातच बंद पडलं की वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा घोळ नाव घेतानाच झालेला असतो.

पहिली चूक म्हणजे नुसतं गावाचं नाव घेणं. आपल्याकडे एकाच नावाची गावं किती आहेत बघा. वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर, अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आणि मंगरूळ चव्हाळा. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार तर एकाच जिल्ह्यातले दोन तालुके. नुसतं ‘चांदूर’ घेतलंत तर अर्धे वाचक दुसऱ्या गावचे येतील आणि परत जातील. लोक बोलताना जी जोड लावतात, ती डोमेनमध्येही लावा. मात्र ‘ग्रामपंचायत’ हा शब्द खाजगी गटाने वापरू नये. लोक तिथली माहिती सरकारी समजून दाखल्यासाठी विचारत येतात. ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट तर फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो.

स्पेलिंगकडे मात्र नीट लक्ष द्या. वर्धा, वाशीम, वरोरा, वणी यांचा ‘व’ सरकारी कागदावर डब्ल्यूने लिहितात, यवतमाळमधला व्हीने. ‘बाजार’ कोणी जेने लिहितं, कोणी झेडने. कृषी केंद्राच्या काउंटरवर एखादा कास्तकार फोन हातात घेऊन विचारतो, “डब्ल्यू का व्ही, भाऊ?” सांगणारा अडखळला की तो फोन खिशात ठेवतो. म्हणून पैसे भरण्याआधी नाव पाच-सात जणांना फोनवर फक्त ऐकवा आणि लिहून पाठवायला सांगा. त्यात एखादी आजी आणि एखादा आठवीतला पोरगा असू द्या. दोन स्पेलिंगं आली तर परवडत असल्यास दोन्ही घ्या आणि दुसरं पहिल्याकडे वळवा. मधली आडवी रेघ टाळा, ती तोंडी सांगताच येत नाही. नावात वर्ष, पक्ष किंवा एखाद्या पुढाऱ्याचं नाव नको.

देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळतं आणि पाटीवर ते फार शोभतं. पण ‘मंगरूळ’ आणि ‘मंगरुळ’ ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावं आहेत. शिवाय काही ॲपमध्ये ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसतं आणि लोक फसवणुकीची लिंक समजून उघडत नाहीत. माझ्या मते मुख्य नाव ‘डॉट इन’ ठेवावं आणि ‘डॉट भारत’ जोडीला.

सगळ्यात महागात पडते ती मालकीची चूक. तालुक्याच्या ठिकाणचा वेबसाइट करून देणारा म्हणतो, “तुम्ही पैसे द्या, बाकी मी पाहतो.” डोमेन त्याच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर, त्याच्या मोबाइलवर नोंदलं जातं. पुढे तो नोकरीला पुण्याला जातो, नंबर बदलतो, आणि नूतनीकरणाची आठवण त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून राहते. ‘डॉट कॉम’चं नाव मुदत संपून रद्द झालं की ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, म्हणजे जुन्या मालकाला नाव परत सोडवून घेण्याची मुदत, असतो. त्या काळात ते सोडवायला बरीच जास्त रक्कम लागते. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतं, जुगाराच्या जाहिराती लावणारेसुद्धा, आणि पाटीवर नाव मात्र तुमच्या गावाचं.

म्हणून गटासाठी वेगळा ईमेल काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा, नोंदणी गटाच्या किंवा संस्थेच्या नावावर करा आणि पावती जपून ठेवा. नाव आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल तर संबंध चांगले असेपर्यंतच ट्रान्सफर कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवायला लागणारा सांकेतिक शब्द, मागून घ्या. नव्या ‘डॉट कॉम’ला पहिले ६० दिवस नोंदणीची कंपनी बदलता येत नाही, तेवढं थांबावं लागेल. माणूस सापडतच नसेल तर ‘हू इज’ या डोमेनची नोंद दाखवणाऱ्या शोधात नोंदणी करणारी कंपनी आणि मुदतीची तारीख दिसते. त्या कंपनीला पावतीसह लिहा.

पैशाचं वेळापत्रक पिकाप्रमाणे ठेवा. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसा पुरत नाही, तेव्हा वर्गणी मागू नये. कापूस-सोयाबीन विकलं गेलं की नूतनीकरण करा. मुदत शिल्लक असली तरी नवी वर्षं पुढे जोडली जातात, एकूण १० वर्षांपर्यंत. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारा.

प्रसिद्धीत घाई नको. साइट नीट उघडतेय हे पाहिल्याशिवाय बॅनर छापू नका. क्यूआर कोड छापताना त्याखाली मोठ्या अक्षरांत नावही हवंच. फुकटात कोड देणाऱ्या काही सेवा वाचकाला आधी स्वतःच्या पत्त्यावर नेतात, आणि चाचणीची मुदत संपली की तुमचा छापलेला कोड मेलाच. क्रोममध्ये आपलं पान उघडून शेअर केलं की थेट पत्त्याचा कोड मिळतो, तो वापरा. जागा आपल्याच आहेत: दूध संकलन केंद्र, रेशन दुकान, एसटीचा निवारा, सप्ताहाची पत्रिका. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतरच्या मंडईचं पत्रक आणि झाडीपट्टीतल्या नाटकाचं पोस्टर घरोघरी वाचलं जातं, तिथली एक ओळ शहरातल्या जाहिरातीपेक्षा जास्त कामाची. भोंग्यावरून नाव पुकारायचं असेल तर ते दोनदा आणि सावकाश सांगायला लावा.

नाव घेतलं, तरी उघडत नाही? नेमसर्व्हर (नाव कुठल्या साइटकडे न्यायचं ते सांगणारे संगणक) बदलल्यावर तो बदल सगळीकडे पोचायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात, तेवढं थांबा. अचानक बंद पडलं तर ईमेल तपासा. ‘डॉट कॉम’सारख्या नावांना १५ दिवसांत ईमेलची पडताळणी केली नाही तर नाव थांबवलं जातं. पुढे ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ लावून उघडतं आणि न लावता उघडत नाही, म्हणजे नाव साइटशी जोडणारी एक डीएनएस नोंद राहिली आहे. ‘सुरक्षित नाही’ असं दिसलं तर एसएसएल, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र, नाही किंवा संपलं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण त्याची मुदत थोड्या दिवसांची असते. ते आपोआप नवं होण्याची सोय होस्टिंगवाल्याकडून, म्हणजे साइटला जागा देणाऱ्या कंपनीकडून, चालू करून घ्या.