मॉर्फिनची गोळी किंवा पॅच घरी आणल्यावर

कॅन्सरच्या किंवा मोठ्या ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर डॉक्टर मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल लिहून देतात; कॅन्सरच्या दुखण्यावर कातडीवर चिकटवायचा फेंटॅनिलचा पॅचही देतात. ‘सवय लागेल’ या भीतीने घरचे बरेचदा डोस टाळतात आणि पेशंट रात्रभर कण्हत राहतो. हे थांबायला हवं. नीट वेळेवर दिलेलं हे औषध पेशंटला झोप देतं, दोन घास खायला बळ देतं. घात होतो तो चुकीच्या मापाने आणि भलत्या औषधासोबत दिल्याने.

साधी मॉर्फिनची गोळी साधारण 4 तास काम करते. दुखणं उसळायची वाट न पाहता चिठ्ठीतल्या वेळेला द्या आणि लगेच वहीत लिहा. रात्री मुलाने दिलेली गोळी पहाटे सुनेने पुन्हा देणं, ही चूक बऱ्याच घरांत होते. चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून पुढचा दुप्पट देऊ नका. पाकिटावर ‘एसआर’ असेल तर ती हळूहळू औषध सोडणारी, 12 तासांची गोळी असते. ती कुटली की सगळं औषध एकदम रक्तात उतरतं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून दुसरा प्रकार मागून घ्या.

मळमळ, गुंगी बहुतेकांना आठवड्याभरात कमी होते. संडास साफ न होण्याचा त्रास मात्र औषध चालू असेपर्यंत राहतो, म्हणून पहिल्या दिवसापासूनच बिसाकोडिल किंवा सेनासारखं औषध लिहून घ्या. आपल्याकडे लोक हमखास इसबगोल देतात. इथे ते नको: आतडी मंदावलेली, त्यात पाणी कमी प्यायलं, तर आत गोळा होऊन बसतो. 3 दिवस संडास झाली नाही तर डॉक्टरांना फोन करा.

फेंटॅनिलचा पॅच 72 तासांचा असतो. छातीच्या वरच्या भागावर किंवा दंडावर, कोरड्या कातडीवर लावायचा. केस कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका, तेल-पावडर नको. तळव्याने 30 सेकंद दाबून धरा. पूर्ण असर यायला 12 ते 24 तास लागतात, म्हणून ‘लागू पडत नाही’ म्हणत दुसरा चिकटवू नका. नवा लावण्याआधी जुना काढलाच पाहिजे.

नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच जपावं लागतं. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो आणि कातडी तापली की पॅचमधलं औषध जास्त वेगाने शरीरात शिरतं. दुपारी पेशंटला कूलरच्या खोलीत ठेवा, पॅचवर शेक देऊ नका, ताप 102 च्या पुढे गेला तर लगेच डॉक्टरांना कळवा. घामाने कडा सुटल्या तर चिकटपट्टी लावा. काढलेल्या पॅचमध्येही लहान मुलाचा जीव जाईल एवढं औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडून हॉस्पिटलला परत द्या, तोवर कुलपात ठेवा.

दारू, झोपेच्या किंवा अल्प्राझोलमसारख्या गोळ्या, नसांच्या दुखण्यावरचं प्रेगाबालिन, कोडीनचं खोकल्याचं औषध: मॉर्फिनसारखी औषधं मुळातच श्वास मंद करतात, यांनी तो आणखी मंदावतो. ट्रामाडॉलने फिट येऊ शकते, विशेषतः एस्सिटालोप्रामसारखं डिप्रेशनचं औषध चालू असेल तर. ट्रामाडॉलच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलही असतं, तेव्हा तापाची वेगळी गोळी देण्याआधी पाकीट वाचा. किडनीचा आजार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, कारण तिथे मॉर्फिन अंगात साचतं.

धोक्याची पहिली खूण म्हणजे वाढती गुंगी. हाक मारून, खांदा हलवूनही पेशंट धड जागा होत नसेल तर छातीकडे पाहत पूर्ण मिनिट श्वास मोजा. 8 च्या खाली, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घशात घरघर: लगेच 108 ला फोन करा, कुशीवर वळवा, पॅच काढून टाका. श्वास आकड्याने ठीक असला तरी माणूस जागा होत नसेल तर थांबू नका. हॉस्पिटलमध्ये मॉर्फिनचा असर उलटवणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन देतात. त्याचा असर मॉर्फिनच्या आधी उतरू शकतो, म्हणून डोळे उघडले तरी घरी न्यायची घाई नको.

काही आठवडे घेतलेलं औषध एकदम तोडलं तर घाम, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. हे व्यसन नव्हे, शरीराची प्रतिक्रिया आहे. डोस डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतात. मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. त्यामुळे नागपूरच्या तुकडोजी किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलमधून काटोल-रामटेककडे परतणाऱ्यांनी गोळ्या तिथल्या खिडकीवरच मोजून घ्याव्यात आणि पुढच्या तारखेपर्यंत पुरतील का ते पाहावं. आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची चिठ्ठी मागा.