कुसळ धरायच्या आत रान चारून घ्या

दुपारी लिंबाखाली रवंथ करत बसलेल्या गाईजवळ जरा वेळ थांबा. गळ्यातून चाऱ्याचा गोळा वर चढताना दिसतो, आणि मधूनच ती मान पुढे करून ढेकर देते. त्या ढेकरातून मिथेन वायू बाहेर पडतो. पोटातले जंतू चारा आंबवताना हायड्रोजन तयार होतो आणि त्याचाच पुढे मिथेन बनतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. आपल्याला त्याहून जवळचं नुकसान असं, की गाईनं खाल्लेल्या चाऱ्यातली साधारण ६ टक्के ऊर्जा या वाटेनं हवेत जाते. वैरण तुमची, आणि तिच्यातलं दूध वाऱ्यावर.

हे पूर्ण थांबवता येत नाही, रवंथ करणाऱ्या जनावराचं पोटच तसं चालतं. पण एका लिटर दुधामागे किती मिथेन जातो, हे बऱ्याच अंशी गवताच्या वयावर ठरतं. कोवळं, पानाळ गवत लवकर पचतं, गाय जास्त खाते आणि दूध वाढतं. जास्त खाल्ल्यानं दिवसाचा मिथेन थोडा वाढेलही, पण दूध त्याहून जास्त वाढलं की लिटरमागचा हिशेब खाली येतो. तेच गवत निसवून कुसळ धरलं की काडी जून होते, पोटात रेंगाळते, गाय कमी खाते. कुसळीचे काटे तोंडात रुततात ते वेगळंच.

म्हणून श्रावण-भाद्रपदातले हे आठवडे हातचे घालवू नका. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. पहिला पाऊस पडून रान हिरवं दिसलं की गुरं सोडली जातात आणि गवताचं मूळच उपटलं जातं. नाहीतर पेरणी-डवरणीच्या धांदलीत पडीक तसंच राहतं आणि पोळा झाल्यावर पाहावं तर गुडघाभर काडी. सोडण्याआधी गवताची एक मूठ धरून ओढा. मुळासकट हातात आलं, तर अजून थांबा. पान तुटून आलं आणि गवत वीतभर झालं, की सोडा. चार बोटं उरलं की गुरं काढा. जंताची पिल्लं गवताच्या बुडाशी जास्त असतात, त्यामुळे चार बोटं राखली की तीही पोटात कमी जातात.

स्वतःचं पडीक असेल तर त्याचे चार तुकडे करा. एकेक तुकडा आठवडाभर चारायचा, म्हणजे प्रत्येकाला तीन आठवडे विसावा मिळतो. आश्विनात पाऊस ओसरला की गवत हळू फुटतं, तेव्हा विसावा वाढवा. तुकडे पाडायला पक्कं कुंपण लागत नाही. रानडुकरांसाठी घेतलेली सौर झटका मशीन असेल, तर तिची एक तार गाईच्या छातीच्या उंचीला पुरते. मात्र खांबावरची वीज थेट तारेत कधीही सोडू नका. त्यानं माणसं आणि जनावरं मेली आहेत. काळ्या जमिनीवर संततधार लागली असेल त्या दिवशी गुरं कोठ्यातच ठेवून कापलेला चारा टाका. ओल्या मातीत खुरानं पडलेले खड्डे लवकर भरत नाहीत.

गुरं आखरावरून, म्हणजे गावची गुरं जमतात त्या जागेवरून, गायक्याबरोबर (गुराख्याबरोबर) जात असतील, तर आज कोणतं रान चारायचं आणि कोणतं राखायचं, हे गावानं गायक्यासोबत बसून ठरवावं. रानाची पारख त्याला सगळ्यांहून जास्त असते, पण त्याला विचारलंच जात नाही, हे मला नेहमी खटकतं.

धुऱ्यावर (बांधावर) दशरथ घास किंवा शेवरी ही शेंगवर्गीय चाऱ्याची झुडपं लावली असतील तर त्यांचा पाला गवतात मिसळून द्या, नुसत्या कुटारापेक्षा (मळणीतल्या भुशापेक्षा) पोट चांगलं चालेल. दव किंवा पावसानं ओला असलेला कोवळा शेंगवर्गीय चारा उपाशी गाईला देऊ नका, पोट फुगतं. ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीपासून गुरं लांबच ठेवा, तिच्यात विष असतं. दुभत्या गाईला सरकी रोज अर्धा ते एक किलोपर्यंत चालते. तिच्या तेलानं मिथेन थोडा कमी होतो, पण जास्त झाली तर चाऱ्याचं पचन बिघडतं.

गोंदिया-भंडाऱ्याकडे उन्हाळ्यात तणसावरच, म्हणजे भाताच्या पेंढ्यावरच, भागवावं लागतं. त्यासाठी १०० किलो कोरड्या तणसाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडा, दाबून ताडपत्रीत हवाबंद करा आणि २१ दिवसांनी उघडा. खाऊ घालण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे देऊ नका, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागेल असं ठेवू नका.

चारून उरलेलं मारवेल आणि पवन्या गवत फुलोरा दिसताच कापा. उघाड पाहून दोन-तीन दिवस वाळवा, पेंढ्या बांधा आणि जमिनीपासून हातभर उंच माचीवर रचा. काडी वाकवल्यावर मोडत नसेल तर गवत अजून ओलं आहे, ती पेंढी बाजूला ठेवा.