जपानहून आलेली बाँगो फ्रेंडी: आधी पाणी सांभाळा

माझ्दा बाँगो फ्रेंडी ही व्हॅन १९९५ साली जपानी बाजारात आली. फोर्ड फ्रेडा या नावाने विकली गेलेली गाडीही तीच, बिल्ला तेवढा वेगळा. सीटा आडव्या केल्या की खाली पलंग होतो, आणि ऑटो फ्री टॉपच्या मॉडेलमध्ये बटण दाबलं की छप्पर उचललं जाऊन वर आणखी दोघांची झोपायची सोय होते. इंजिनं तीन प्रकारची: २.५ लिटर टर्बो डिझेल, २.५ लिटर व्ही-६ पेट्रोल आणि २ लिटर पेट्रोल. कुठलंही घेतलं तरी इंजिन पुढच्या सीटांखाली असतं आणि रेडिएटर गाडीच्या नाकाशी. या गाडीचं मोठं दुखणं याच मांडणीतून निघतं.

रेडिएटर आणि इंजिन लांब असल्यामुळे पाणी, म्हणजे कूलंट, गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब लोखंडी पाइपांतून खेळतं. जिथे पाइप संपतो तिथे रबरी होज चढवलेला असतो. मागच्या हीटरकडे जाणाऱ्या नळ्या वेगळ्या. एवढी सगळी जोडकामं रस्त्यावरचा चिखल, पाणी आणि मीठ झेलत असतात. लोखंड आतून-बाहेरून गंजतं, होज आपल्या वयाने ताठ होऊन चिरतात. एक होज फुटला की पाणी काही मिनिटांत संपतं, आणि डिझेल इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं धातूचं झाकण) तडकायला त्याहून जास्त वेळ लागत नाही. इंजिन ऑइल बदलायला महिनाभर उशीर झाला तर ही गाडी माफ करते. पाण्याच्या बाबतीत करत नाही.

काट्यावर विसंबू नका

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा इंजिन गरम झाल्यावर साधारण घड्याळातल्या अकराच्या जागी येऊन थांबतो आणि तिथेच चिकटून राहतो. इंजिनाचं तापमान बरंच वरखाली झालं तरी तो हलू नये अशीच त्याची घडण आहे, चालकाला उगाच घोर नको म्हणून. त्यामुळे तो अकराच्या पुढे सरकून बाराकडे निघाला तर ‘बघू पुढच्या पंपापर्यंत’ असं म्हणायची सोय नाही. तिथल्या तिथे बाजूला घ्या.

दुसरी अडचण अधिक वाईट. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी गळून गेलं की तो हवेत लोंबकळतो, आणि इंजिन भाजत असताना काटा शांत राहतो, कधी खालीही येतो. म्हणून दोन गोष्टी बसवून घ्याव्यात. पहिली, पाण्याच्या टाकीत पातळी कमी झाल्यावर वाजणारा अलार्म. दुसरी, सिलिंडर हेडच्या धातूवरच बोल्टखाली घट्ट बसणारा तापमानाचा सेन्सर आणि त्याचा स्वतंत्र डिस्प्ले. पाणी नसलं तरी धातू तापतोच, त्यामुळे हा फसत नाही. दोन्हींपैकी एकच परवडणार असेल तर पातळीचा अलार्म आधी, कारण तो तापायच्या आधी ओरडतो.

अलार्म वाजला तर इंजिन बंद करा आणि टाकीचं झाकण उघडू नका. दाबाखालचं पाणी उकळून अंगावर येतं. किमान तासभर थांबून, होज हाताला थंड लागल्यावरच झाकण सोडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर वाचलेलं हेडही तडकेल.

होज, पाइप आणि मिश्रण

गाडी हाती आली की तिचा पूर्वेतिहास काहीही असो, सगळे कूलंट होज बदलून टाका. मोठे तर सगळेच बघतात. फुटतात ते इंजिनाच्या मागच्या अंगाला लपलेले बोटभर जाडीचे छोटे होज, कारण तिथे हात आणि नजर दोन्ही पोचत नाहीत. या गाडीसाठी कापून तयार केलेले सिलिकॉन होजचे संच मिळतात; ते रबरापेक्षा जास्त टिकतात, पण त्यांना आतून गुळगुळीत पट्टीचे क्लिप लागतात. खाचा पाडलेली साधी पट्टी सिलिकॉन कापते. क्लिप बसवल्यावर गाडी एकदा गरम-गार करून पुन्हा आवळा.

लोखंडी पाइप तारेच्या ब्रशने घासून बघा. होज जिथे चढतो त्या टोकाशी आणि पाइप जिथे चिमट्यात धरलेला आहे त्या जागी खवले निघत असतील तर रंग मारून उपयोग नाही. पाइप बदला, शक्य असेल तर स्टेनलेसचा घ्या.

कूलंटमध्ये अर्धं अँटीफ्रीझ आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी घाला. एथिलीन ग्लायकॉलचं हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. जपानमधल्या सौम्य हवेच्या भागातून आलेल्या गाड्यांत अँटीफ्रीझ बरेचदा ३० टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणजे पहिल्या कडक थंडीआधी ते काढायला हवं. आधी काय भरलंय याची खात्री नसेल तर त्यावर दुसरं ओतू नका. काही प्रकार एकमेकांत मिसळले की गाळ धरतात, आणि रंगावरून प्रकार ओळखता येत नाही. साफ पाण्याने धुऊन मगच नवं भरा.

हवा काढणं

या कामात घाई केली की बाकीची मेहनत वाया. वाकड्यातिकड्या, लांब वाटेत हवेचा बुडबुडा अडकला की तेवढ्या जागी पाणी फिरत नाही आणि हेडचा तो कोपरा तापतो. डिझेलवर क्रम असा:

१. गाडी पूर्ण थंड असू द्या. नाक थोडं वर राहील अशी उभी करा. पुढचा आणि मागचा, दोन्ही हीटर सगळ्यात गरमवर ठेवा.

२. सीट मागे कलंडवून इंजिनावरचं झाकण उघडा. इंजिनाच्या वरच्या बाजूला एक बारीक होज असतो, ज्याच्या तोंडात बोल्ट खुपसून क्लिप लावलेला असतो. हवा काढायचा होज तो हाच. क्लिप सोडा, बोल्ट काढा आणि तोंड टाकीपेक्षा उंच धरून ठेवा.

३. टाकीतून सावकाश कूलंट भरा. मधूनमधून मोठे होज मुठीत दाबत राहा. वरच्या होजमधून बुडबुडे थांबून नुसतं कूलंट आलं की बोल्ट लावा, क्लिप आवळा.

४. इंजिन सुरू करा. आधी संथ, मग दोन हजार फेऱ्यांच्या आसपास काही मिनिटं. टाकीतली पातळी खाली जाईल तशी भरत राहा, आणि कूलंट तापू लागलं की झाकण लावून टाका. दोन्ही हीटरमधून कढत हवा यायला हवी. मागचा गार राहिला तर हवा तिकडे अडकली आहे.

५. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडून रेडिएटरचे दोन्ही होज गरम झाले की इंजिन बंद करा. रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी पातळी बघा, भरा, आणि गरज वाटली तर पहिल्यापासून पुन्हा करा.

पुढचा आठवडाभर रोज सकाळी पातळी बघा. पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरणं ठीक. नंतरही उतरत असेल तर गळती आहे किंवा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन यांच्या मधली सीलबंद चकती) गेलं आहे. रात्रभर उभ्या गाडीचे होज सकाळी दगडासारखे कडक लागत असतील, टाकीत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत असेल, तर टाकीच्या तोंडावर रसायनाची चाचणी करून घ्या. जळालेला वायू पाण्यात येत असेल तर रसायनाचा रंग बदलतो. गळती बुजवायची बाटलीबंद औषधं मात्र टाळा. ती गळतीबरोबर हीटरही बुजवतात.

विकत घेतानाचे जपानी कागद

लिलावाची शीट (जपानमधल्या जुन्या गाड्यांच्या लिलावात गाडी तपासून दिलेला कागद) असेल तर गाडीच्या चित्रावरची अक्षरं वाचा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीच्या खुणा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंजाने पोखरलेलं. पुढचा आकडा जेवढा मोठा तेवढं नुकसान जास्त. एकूण दर्जा आर असेल तर गाडीचा सांगाडा कधीतरी दुरुस्त झालाय. एस आणि सी किती ठिकाणी आहेत हे त्या एकूण दर्जापेक्षा महत्त्वाचं. जपानच्या बर्फाळ प्रदेशांत रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तिथली गाडी वरून चकाचक पण खालून गेलेली असू शकते.

इंजिनाजवळ टायमिंग बेल्ट बदलल्याचं स्टिकर चिकटवलेलं असतं. त्यावर किलोमीटर आणि तारीख असते. तारीख राजवटीच्या सालात असेल तर हेइसेइ या राजवटीच्या आकड्यात १९८८ मिळवा: हेइसेइ १२ म्हणजे २०००. बेल्टची मुदत एक लाख किलोमीटर. स्टिकर नसेल तर बदललेला नाही असंच धरा, आणि बेल्टबरोबर वॉटर पंपही बदला. पंपासाठी तीच सगळी खोलाखोल परत करावी लागते.

जपानी देशांतर्गत गाडीला १७ अक्षरांचा नंबर नसतो. एसजीएल५ सारखा मॉडेल कोड, आडवी रेघ आणि पुढे आकडे, असा चेसिस नंबर असतो. सुटे भाग मागवताना तोच पूर्ण द्या. नुसतं ‘बाँगो डिझेल’ सांगितलं तर भलताच होज येईल.

बाकीचं, थोडक्यात

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला डेक्सरॉन-३ दर्जाचं ऑइल चालतं. पातळी गाडी चालवून गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवून पी (पार्क) मध्ये आणल्यावर बघायची. खालचा बोल्ट काढून ऑइल सोडलं तरी बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, ऑइलने भरलेल्या भागात) राहतं. म्हणून काही शे किलोमीटरच्या अंतराने तीनदा बदलणं हा सोपा मार्ग.

डिझेल फिल्टरच्या तळाशी साठणारं पाणी दर थंडीआधी सोडा. चारचाकी ओढीच्या मॉडेलला चारही टायर सारख्या मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत.

बॅटरीवरचा ८०डी२३एल सारखा कोड जपानी मानकाचा आहे. पहिला आकडा ताकद, अक्षर रुंदी-उंचीचा गट, पुढचा आकडा लांबी सेंटिमीटरमध्ये, शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते. ते शेवटचं अक्षर चुकलं तर केबल पोचत नाही. दिवे आणि फ्रिजसाठी दुसरी बॅटरी वेगळीच ठेवा, मधे रिले (विजेवर चालणारा स्विच) टाका, आणि फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ. मधल्या लांब केबलला फ्यूज नसेल तर तीच आग लावते. साधी लेड-ॲसिड बॅटरी आराम दिल्यावर १२.२ व्होल्ट दाखवत असेल तर निम्मी संपली आहे, त्याखाली नेऊ नका. म्हणजे १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून हिशेब ५० चाच करायचा.

जपानमध्येच कॅम्पर बनवलेली गाडी असेल तर तिच्या आतलं वायरिंग १०० व्होल्टचं असतं. २३० व्होल्टच्या जोडणीला ते लावलं तर चार्जर जळणं ही त्यातली सौम्य शक्यता. सॉकेट, ब्रेकर, चार्जर सगळं बदला. रेडिओ ७६ मेगाहर्ट्‌झपासून सुरू होऊन बहुतेक ९० वर संपतो, त्यामुळे बाहेरची बरीच स्टेशनं लागतच नाहीत. हा बिघाड नव्हे. बँड एक्स्पांडर (बाहेरची स्टेशनं या रेडिओच्या पट्ट्यात आणणारं उपकरण) लावा किंवा सरळ सेट बदला.

छप्पर अर्ध्यात अडकलं तर आधी बॅटरी बघा, मोटर नंतर. व्होल्टेज पडला की ते मध्येच थांबतं, म्हणून उचलताना-उतरवताना इंजिन चालू ठेवलेलं बरं. उतरवताना एकाने बाहेर उभं राहून कापड बिजागरांत चिमटत नाही ना ते बघावं. एकदा चिमटलं की भोक पडतंच. ओलं कापड दुमडून बंद केलं असेल तर दुसऱ्याच दिवशी उघडून वाळवा, नाहीतर शिवणीत बुरशी धरते आणि तिचे काळे डाग जात नाहीत.

गाडीत कायम ठेवायचा डबा: पाच लिटर तयार मिश्रण, दोन-तीन मापांचे क्लिप, होजवर गुंडाळायची सिलिकॉनची स्वतःला चिकटणारी टेप, आठ-दहा मिलिमीटरचे पान्हे, लांब पेचकस, टॉर्च आणि जाड हातमोजे. टेप घरापर्यंतच्या प्रवासापुरती आहे. घरी पोचल्यावर ती काढून होज बदला.